चौरस फुटाचा भाव आणि खारा वारा

कोकणात घर बांधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, सध्या चौरस फुटाला काय रेट चाललाय? एक ठेकेदार आकडा सांगतो, शेजारच्या गावातला दुसरा त्याहून शंभर रुपये कमी सांगतो आणि काम दुसऱ्याला मिळते. बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत व्यवहार असाच चालतो. माझ्या मते कोकणातल्या बांधकामाचे मूळ दुखणे या प्रश्नातच आहे. चौरस फुटाचा भाव जागा मोजतो. ती जागा किती वर्षे धड राहणार, हे त्या भावात कुठेच येत नाही. सोलापुरात किंवा नगरला हे विसरले तरी घर बरीच वर्षे निभावून नेते. समुद्राकाठी मात्र किंमत ठरते ती याच गोष्टीवर.

पुरावा हवा असेल तर मान वर करून घरांकडे बघावे. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गावात पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाकलेल्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि त्यावर रंगीत पत्रा चढलेला दिसतो. स्लॅब हेच छप्पर म्हणून टाकले होते. ते गळू लागले म्हणून त्याच्यावर दुसरे छप्पर आले. म्हणजे मालकाने एका घरासाठी दोन छपरांचे पैसे मोजले, आणि दुसऱ्या छपराचा खर्च ठेकेदाराने सांगितलेल्या आकड्यात नव्हता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात, जिथे आंबोलीत तर त्याच्या दुपटीने पाऊस पडतो, सपाट छप्पर हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. कौलारू घर म्हणजे गरिबी आणि स्लॅबचे घर म्हणजे मुंबईची कमाई, असे समीकरण बसले. त्या समीकरणाची किंमत आज घरोघरी दुसऱ्या हप्त्याने फेडली जाते आहे.

पण गळती हा त्यातला सोपा भाग आहे. खरा शत्रू खारा वारा. काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात तिच्यावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातले क्लोराइड त्या थरापर्यंत पोचले की तो तुटतो, आणि मग ओल व हवा मिळून सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीने ते सहापटीने जास्त जागा व्यापतो. ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते. आधी बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, मग तांबूस डाग उमटतो, मग पोपडा सुटून खाली पडतो आणि उघड्या सळईवर गंज आणखी वेगाने चढतो. घरमालक त्यावर गिलावा करून रंग लावतो. त्याने आतला गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

यावर उपाय शोधायला बाहेर कुठे जायला नको. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४५६ या २००० सालच्या संहितेत तो लिहून ठेवलेला आहे. किनारपट्टीच्या हवेला उघडे असलेले काँक्रीट त्या संहितेने ‘तीव्र’ वर्गात टाकले आहे. तिथे किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट, घनमीटरला निदान ३२० किलो सिमेंट, पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही, आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, असे सांगितले आहे. आपल्याकडे खेड्यातल्या कामावर काय होते? घमेल्याच्या मापाने एक-दोन-चारचे मिश्रण, जे फार तर एम-१५ भरते. पाणी डोळ्यांच्या अंदाजाने, आणि मिश्रण सहज ओतले जावे म्हणून थोडे जास्तच. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा, जो स्लॅब टाकताना माणसांच्या पायाखाली सरकतो. एम-३० असे घमेल्याने मिळत नाही. त्यासाठी वाळू-खडीची चाचणी घेऊन प्रमाण काढावे लागते.

हे सगळे परवडत नाही, असे ठेकेदार सांगतो आणि मालक मान डोलावतो. म्हणून एकदा हिशेब करून बघू. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. कव्हर २० मिलिमीटरवरून ४५ वर न्यायचे आणि त्यासाठी स्लॅबची जाडीही २५ मिलिमीटरने वाढवायची, तर लागणारे जादा काँक्रीट सव्वादोन घनमीटरच्या किंचित वर जाते. आपल्या मापात एक ब्रासही भरत नाही. त्या वजनासाठी थोडे स्टील वाढेल, चांगल्या प्रतीसाठी सिमेंटच्या काही पिशव्या वाढतील. इतक्यासाठी आपण छपराच्या आयुष्याची कितीतरी वर्षे घालवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कोकणातल्या प्रत्येक मालकाने ती बचत टाइल्सच्या भारी डिझाइनमध्ये न घालता कव्हरमध्ये घालावी, असे मला मनापासून वाटते. टाइल्स पुढेही बदलता येतात, सळई बदलता येत नाही.

वाळूचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली यांच्या खाड्यांतून हातपाटीने वाळू काढणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करत आली. पुढे सक्शन पंप आले. खाडीचा तळ खरवडला गेला, काठ खचू लागले, मासे कमी झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली, आणि ते योग्यच होते. पण त्यानंतर राज्याला वाळूचे धड धोरण बसवता आलेले नाही. २०२३ मध्ये सरकारी डेपोवरून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याची घोषणा झाली आणि दोन वर्षांत, एप्रिल २०२५ मध्ये, डेपो सोडून पुन्हा लिलावाची वाट धरली गेली. बांधकामाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. तोवर परवाने निघालेले नसतील तर गरज थांबत नाही. मग रात्रीची वाळू येते आणि तिचा भाव धोक्याच्या हिशेबाने ठरतो.

त्या वाळूबरोबर मीठही येते. खाडीची वाळू गोड्या पाण्याने नीट धुतल्याशिवाय आरसीसीत वापरू नये, हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे. काँक्रीट ओततानाच त्यात घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड असू नये, ही संहितेची मर्यादा आहे. न धुतलेली वाळू वापरणारा माणूस समुद्रावरून वारा येण्याची वाट बघत नाही, तो पहिल्याच दिवशी मीठ घरात आणून ठेवतो. चोरीच्या वाळूवर ती धुतली की नाही हे विचारायची सोय नसते. बाजार काळोखात गेला की दर्जाचा प्रश्न विचारणाराच उरत नाही, आणि माझ्या मते चोरट्या वाळूचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. महसूल बुडतो याची चर्चा होते, पण गावोगावच्या बीममध्ये पुरल्या गेलेल्या मिठाची कोणी नोंद ठेवत नाही.

क्रश सँडमुळे हा धोका टळतो, कारण ती काळ्या दगडाची, त्यात मीठ नाही. सरकारचे नवे धोरणही कृत्रिम वाळूकडे झुकले आहे आणि किनाऱ्यापुरते तरी ते मला योग्य वाटते. गिलाव्याला ती हाताला बोचते, फिनिशिंग येत नाही, अशी गवंड्यांची तक्रार असते. गिलाव्यापुरती ती ऐकून घ्यावी. स्लॅबच्या बाबतीत ऐकू नये.

आता पाणी. इतका पाऊस पडणाऱ्या कोकणात बांधकामाला पाणी कमी पडते, हे बाहेरच्याला पटत नाही. पण काम चालते नोव्हेंबर ते मे, आणि स्लॅब टाकण्याची घाई असते ती एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी विहिरी तळ गाठतात तेव्हा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी त्याच दिवसांत मचूळ होते. वाडीवर टँकर सुरू झालेला असताना स्लॅबवर सात-आठ दिवस तळे करून ठेवायला पाणी आणायचे कुठून? मग सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडून वेळ भागवतात, किंवा तेच मचूळ पाणी वापरतात. आरसीसीच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, पण वाडीत ते मोजणार कोण? मालक मुंबईत. तो व्हिडिओ कॉलवर भिंती किती वर आल्या ते बघतो. पाणी मारले की नाही हे व्हिडिओत दिसत नाही. गणपती नव्या घरात बसवायचा हा त्याचा आग्रह असतो, आणि तो मी समजू शकतो. पण त्या तारखेपायी मे महिन्यातल्या पाण्यावर स्लॅब टाकायचा, त्यापेक्षा पाया आणि जोते एका हंगामात, छप्पर पुढच्या हंगामात डिसेंबर-जानेवारीत, हे केव्हाही शहाणपणाचे. पूर्वी घरे अशीच बांधली जात.

मजुरीबद्दल एवढेच सांगतो : कोकणी गवंडी आणि सुतार मुंबईला गेले. त्यांच्या जागी कर्नाटकातून चिरेखाणीवर आणि उत्तरेकडून सेंटरिंगवर माणसे आली, आणि त्यांच्याशिवाय आज एकही घर उभे राहणार नाही. त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. बिहार-झारखंडात कव्हर कमी पडले तर जे होते त्याहून इथे वेगळे होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. सांगणे हे इथल्या अभियंत्याचे काम होते.

चिऱ्याबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. जांभा हा कोकणाचा स्वतःचा दगड. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, हवेत राहिला की घट्ट होतो. जुने लोक चिरे काढून ठेवत आणि मग भिंतीला लावत. त्या भिंती छपराचा सगळा भार पेलत. आज काय होते? आरसीसीचे कॉलम आणि बीम उभारतात आणि त्यांच्यामध्ये चिरा भरतात. एकमजली घरातही. जो दगड भार उचलू शकतो त्याला नुसती जागा भरायला लावायचे आणि भार उचलायला असे काहीतरी उभे करायचे की जे या हवेत सर्वांत लवकर खराब होते. पैसे दोन्हींचे द्यायचे. एकमजली घरासाठी हा उलटा व्यवहार आहे, आणि तो चालतो याचे एक कारण असे की ठेकेदाराला आणि कर्ज देणाऱ्याला आरसीसी ओळखीचे आहे. चिऱ्याच्या भारवाही भिंतीचा आराखडा काढून देणारा माणूस तालुक्याच्या गावी शोधावा लागतो.

भूकंपाचे काय, असा आक्षेप इथे येतो आणि तो रास्त आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का कोकणाने सोसलेला आहे. नुसत्या चिऱ्यावर चिरा रचून चालणार नाही. पण त्यावरचा उपाय म्हणजे जोत्यावर, खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असे घरभर फिरणारे काँक्रीटचे सलग पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या. त्याला लागणारे स्टील पूर्ण सांगाड्याच्या मानाने थोडे असते, आणि थोडे आहे म्हणून ते नीट झाकताही येते.

आणि कौले? जुन्या घरांच्या प्रेमात पडून कोकणाबद्दल लिहिणे सोपे आहे. मला ते मान्य नाही, कारण असे लिहिणाऱ्याला दरवर्षी घर शाकारावे लागत नाही. मंगळुरात १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली, कारण ती या पावसाला योग्य होती. आजही आहेत. पण वासे-रिपांना लाकूड महाग, चढून कौले चाळणारा माणूस मिळत नाही, आणि वानर-माकडांनी तर कौलारू घरवाल्यांना रडवले आहे. एका कळपाची एक फेरी झाली की अर्ध्या पाख्याची कौले फुटतात. घरात राहिलेली सत्तरीची आजी ती कशी बदलणार? म्हणून लोक पत्र्याकडे वळले. त्यात त्यांची चूक नाही. उतरते छप्पर आणि भिंतीच्या बाहेर हातभर आलेली वळचण, हे तत्त्व पाळले की वर कौल आहे की चांगला पत्रा, हा दुय्यम प्रश्न ठरतो. नव्या घरांत वळचणच नसते. पश्चिमेची भिंत चार महिने थेट झडीखाली असते, आतून ओल येते, आणि मग तिथे प्लास्टिक बांधतात. तीच वळचण आराखड्यात काढली असती तर खर्च फारसा वाढला नसता.

पत्र्यालाही अट आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत छपरे उडाली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. नीट न बांधलेला पत्रा वादळात माणसावर जाऊन पडतो. छप्पर भिंतीला, भिंत पायाला अशी बांधणी सलग हवी, आणि त्यातले नट-बोल्ट गंजणारे नकोत. निसर्गनंतर पत्र्यांची टंचाई झाली, भाव वाढले, आणि लोकांनी पावसाच्या तोंडावर मिळेल तो पातळ पत्रा मिळेल त्या हुकाने बसवला. ते हुक आता इतकी वर्षे खारा वारा खात आहेत.

मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला छत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नट-बोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधी लेखी कळवले होते. त्यावर राजकारण खूप झाले. बांधकामाच्या दृष्टीने तो प्रसंग मला फार मोठा वाटतो, कारण तिथे निधीची, देखरेखीची आणि प्रतिष्ठेची कमतरता नव्हती, आणि तरीही खाऱ्या हवेचा हिशेब चुकला. समोरच समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे, १६६४ मध्ये सुरू झालेला. समुद्राच्या तोंडाशी बांधायचे तर समुद्राला धरूनच हिशेब करायचा, ही जाणीव या किनाऱ्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वी होती.

सरकारी घरकुलाचा आकडाही असाच आंधळा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागासाठी सपाट प्रदेशाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशाला १ लाख ३० हजार, ही रक्कम २०१६ पासून चालत आली. राज्याने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली. पण वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचे घर आणि लातूरचे घर यांना एकच माप. डोंगर ओळखणाऱ्या नियमाने समुद्र ओळखला नाही. त्या रकमेत घर पूर्ण करायचे म्हणजे कव्हर, वळचण, धुतलेली वाळू या न दिसणाऱ्या गोष्टींवरच कात्री चालते. ज्या कुटुंबाकडे दुसऱ्या छपराचे पैसे कधीच नसणार, त्यालाच आपण पहिले छप्पर लवकर गंजणारे देतो. हे मला सर्वांत जास्त खुपते.

दुसऱ्या टोकाला बाहेरचा पैसा आहे. मांडव्याची रो-रो, अटल सेतू आणि चिपीचा विमानतळ यांनी किनारा शहराजवळ आणला. अलिबागेत आणि आता सिंधुदुर्गातही सुट्टीतल्या घरांची कामे वाढली आहेत. चांगला गवंडी, चांगला सुतार तिकडे जातो, आणि गावातल्या माणसाला उरलेला हात आणि चढलेला दर मिळतो. चिऱ्याची मागणीही तिथूनच वाढते. सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, खाणी पडतात, खड्डे तसेच सोडून दिले जातात. ज्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तसल्याच सड्यांवर कटर चालतो. चिरा मला हवा आहे, हे वर लिहिलेच आहे. म्हणूनच म्हणतो की खड्डा बुजवण्याचा किंवा त्यात पाणी साठवण्याचा खर्च चिऱ्याच्या भावात आला पाहिजे. थोडा महाग पण भार उचलणारा चिरा, स्वस्त आणि नुसत्या भरावाच्या चिऱ्यापेक्षा कमी लागेल, कारण घर बांधणारा तो जपून वापरेल.

यातले काहीही करायला मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. केरळात १९८५ मध्ये अच्युत मेनन, लॉरी बेकर आदींनी ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था उभी केली आणि स्थानिक सामान, स्थानिक कारागीर, कमी खर्च यांवर गावोगाव घरे बांधून दाखवली. आपल्याकडे रत्नागिरीला आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतने आहेत. वाळूतले आणि पाण्यातले क्लोराइड तपासणे ही त्यांच्या प्रयोगशाळेला जड जाणारी गोष्ट नाही. कोणीही पिशवीभर वाळू आणि बाटलीभर विहिरीचे पाणी घेऊन यावे आणि नाममात्र पैशांत दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर न्यावे, अशी सोय जिल्हा परिषदेने करावी. घरकुलाच्या हप्त्याला फोटो लागतोच. स्लॅब टाकण्याआधीचा, सळईखाली ठेवलेल्या कव्हर ब्लॉकचा फोटो सक्तीचा करावा आणि ते ब्लॉक ग्रामपंचायतीने फुकट द्यावेत. किनाऱ्यालगतच्या तालुक्यांना घरकुलाची वेगळी, वाढीव रक्कम मिळावी आणि ती वाढ उतरते छप्पर व एम-३० काँक्रीट यांनाच जोडलेली असावी. ठेकेदाराशी करार करणाऱ्याने चौरस फुटाच्या भावाखाली आणखी तीन ओळी लिहून घ्याव्यात : काँक्रीटची प्रत, कव्हर किती, आणि पाणी किती दिवस व कुठले. या तीन ओळी लिहून द्यायला जो तयार होणार नाही, त्याचा आकडा शंभर रुपयांनी कमी असला तरी तो घेऊ नये.